चावीवाल्याचा डावा पाय

एकशेनव्वद पावलं झाली
की डाव्या पोटरीत पीळ बसतो.
मग मी थांबतो, आणि थांबलोय असं दिसू नये म्हणून
समोर जे दुकान असेल ते बघतो.
भोईवाड्यात लग्नपत्रिका बघितल्या,
पुढे कुलपं, त्याच्या पुढे वजनकाटे.
घरात लग्नाचं कुणी उरलेलं नाही.
वजनकाटेवाला आता ओळख दाखवतो.

परळच्या इस्पितळात, तळमजल्यावर, अंधारी खोली.
सिंथिया नावाची पोरगी. म्हणाली,
"काका, सुई नाही, कापाकापी नाही,
वरूनच बघणार."
म्हणजे रस्ता न खोदता, मी म्हटलं.
तिला कळलं नाही.

आधी दंडाला पट्टा, मग घोट्याला.
दंडात एकशेचाळीस, घोट्यात ऐंशी.
तिने भागाकार केला आणि गप्प बसली.
मला भागाकाराची गरज नव्हती.
टाकीपाशी भरपूर दाब
आणि शेवटच्या नळाला करंगळीएवढी धार,
या तक्रारींची वही बत्तीस वर्षं माझ्या पिशवीत होती.

एफ उत्तरचा चावीवाला मी, यशवंत धाकू नाचरे.
रात्री अडीचला, कुत्रीसुद्धा निजली की
सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर,
दुसरं कानामागच्या हाडाला.
भरलेला पाइप घुमतो.
गळका सुस्कारतो.
आणि जिथे गंज साचून गळा आवळलाय
तिथे शीळ.
त्या सळईने किती खड्डे वाचले
याची नोंद मात्र कुठल्याच वहीत नाही.

तर पोरीने थंडगार, बुळबुळीत काहीतरी मांडीवर ओतलं,
यंत्राचं डोकं टेकवलं, आवाज मोठा केला.
उजवा पाय: धप्-धुप्-टप्, धप्-धुप्-टप्,
जिन्याची सवय असलेला माणूस.
डावा: नुसतं हूश…
हूश…
पडद्यावर तांबडं, निळं,
आणि मांडीत खाली एका जागी
पिवळ्या-हिरव्या ठिणग्या.
"इथे अरुंद झालंय, म्हणून रक्त सुसाट पळतंय."
नळीवर अंगठा दाबला की असंच, मी म्हटलं.
आता तिला कळलं.
"बिडी ओढायचात?"
रात्रपाळीचं कारण जिभेवर आलं होतं.
बिडीच, म्हटलं. दोन बंडलं.

ठिणग्यांच्या खाली चार बोटं काळोख.
काहीच नाही.
आणि गुडघ्यामागे पुन्हा थोडं तांबडं.
हे कुठून आलं?
तिने यंत्र आडवं फिरवलं.
बाजूबाजूने बारीक धागे,
वाकडे, कसेही गेलेले, कुठल्या नकाशात नसलेले.
"शरीराने आपली आपण वाट काढलीय, काका.
यांच्यावरच पाऊल जगतंय."

चोर कनेक्शनं.

अँटॉप हिलला, नाल्याच्या कडेने
असल्या काळ्या नळ्या मी कोयत्याने कापल्या.
साहेब मागे उभा, हातात यादी.
एक बाई होती. नाव विचारलं नव्हतं.
हंडा अर्धा झाला होता.
ओरडली नाही. म्हणाली,
एवढा भरू द्या, मग कापा.
मी कापली.
पाणी थोडा वेळ तिच्याच पायावरून वाहिलं,
मग नाल्यात.

सिंथिया कागदाने माझी मांडी पुसत होती.
"फुगा घालायचा की गोळ्या, ते डॉक्टर सांगतील.
तुम्ही चालत राहा. दुखलं की थांबा,
थांबलं की परत चाला."
बाहेर नंबरवाले दारावर टकटक करत होते.
एकदा परत ऐकवता?
"उजवा?"
नाही. डावा. घोट्यापाशी.
"तिथे फारच बारीक आहे, काका."
तिने पंखा बंद केला.
मी श्वास धरला,
सळईला धरायचो तसा.